लँडलाइन सोडून इंटरनेटवरचा घरगुती फोन घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी लँडलाइन काढून इंटरनेटवर चालणारा फोन घ्यावा का, ही चर्चा बहुतेक घरांत बिलावरून सुरू होते आणि बिलावरच संपते. जुन्या तारेने मात्र घरात आवाजाबरोबर आणखी दोन गोष्टी आणलेल्या होत्या. फोन चालवणारी वीज त्याच तारेतून येत होती आणि फोन कोणत्या घरातून लागला आहे, हेही टेलिफोन केंद्राला त्याच तारेवरून समजत होते. नव्या फोनमध्ये या दोन्हींची सोय आपल्याला स्वतः करून घ्यावी लागते. त्यामुळे पुढील उत्तरांत त्यांनाच सर्वांत जास्त जागा दिली आहे.

लँडलाइन आणि इंटरनेटवरचा फोन यांत नेमका फरक काय आहे?

लँडलाइनमध्ये टेलिफोन केंद्रापासून आपल्या घरापर्यंत तांब्याच्या दोन तारांची एक स्वतंत्र जोडी आलेली असते आणि केंद्र तिच्यावर सुमारे ४८ व्होल्टचा दाब सतत ठेवते. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होऊन प्रवाह वाहू लागतो, त्यावरून केंद्राला फोन उचलल्याचे कळते आणि डायल टोन ऐकू येतो. घंटी वाजवण्यासाठी केंद्र त्याच तारांवर साधारण ९० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह पाठवते. बोलण्यासाठी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वापरला जातो, म्हणून लँडलाइनवरचा आवाज ओळखू येतो, पण समोरासमोरच्या बोलण्याइतका भरीव वाटत नाही.

इंटरनेटवरच्या फोनमध्ये आवाजाचे अंकांत रूपांतर घरातच होते. सर्वत्र रुळलेल्या जी.७११ या पद्धतीत सेकंदाला ८,००० वेळा आवाजाचे मोजमाप घेतले जाते आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत नोंदवले जाते. सहसा २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पॅकेट, म्हणजे इंटरनेटवरून एकत्र पाठवला जाणारा माहितीचा एक तुकडा, तयार होते, म्हणजे बोलताना प्रत्येक बाजूने सेकंदाला ५० पॅकेटे निघतात. फोन कोणाला लावायचा, घंटी केव्हा वाजवायची आणि कॉल केव्हा संपला, ही देवाणघेवाण बहुधा एसआयपी या नियमावलीनुसार होते. डायल टोनसुद्धा आता केंद्रातून येत नाही. तो घरातले उपकरणच तयार करते.

मोबाइलमधल्या ॲपवरून करतो त्या कॉलसारखाच हा प्रकार आहे का?

तंत्र जवळचे आहे, पण सेवा वेगळी आहे. ॲपवरचा कॉल सामान्यतः तेच ॲप असलेल्या व्यक्तीलाच लागतो. घरगुती इंटरनेट फोनला मात्र नेहमीचा टेलिफोन क्रमांक असतो. त्यावरून कोणत्याही लँडलाइनला किंवा मोबाइलला फोन लावता येतो आणि समोरच्याला आपण कोणत्या तंत्राने बोलत आहोत हे कळण्याचे कारणही नसते.

कोणकोणत्या प्रकारे ही सेवा मिळते?

इंटरनेट देणारी कंपनीच आपल्या राउटरला किंवा फायबरच्या पेटीला टेलिफोनचे सॉकेट देते, हा सर्वांत सोपा प्रकार आहे. जुना फोन तेथे लावला की काम झाले. दुसऱ्या प्रकारात इंटरनेट एका कंपनीचे आणि फोनसेवा दुसऱ्या कंपनीची असते, आणि साधा फोन राउटरला जोडण्यासाठी मध्ये एक लहान उपकरण, म्हणजे अडॅप्टर, बसवावा लागतो. थेट राउटरला जोडला जाणारा आयपी फोन हा तिसरा प्रकार आहे.

घरात एकच साधा फोन असेल आणि तांत्रिक बाबी पाहणारे कोणी नसेल, तर पहिला प्रकार घ्यावा असे माझे मत आहे. दुसऱ्या प्रकारात दर आणि सुविधा यांची निवड अधिक मिळते, परंतु बिघाड झाला की इंटरनेटवाले फोनवाल्यांकडे बोट दाखवतात, फोनवाले इंटरनेटवाल्यांकडे, आणि ग्राहक मध्ये अडकतो.

आमची लाइन व्यवस्थित चालू आहे. मग बदलायचे कशासाठी?

चालू असेल आणि भरवशाची असेल, तर घाई करण्याचे काहीही कारण नाही. मात्र अनेक देशांत हा निर्णय ग्राहकांच्या हातात फार काळ राहणार नाही. तांब्याच्या तारा आणि जुनी केंद्रे सांभाळणे महाग होत चालले आहे, सुटे भाग मिळेनासे झाले आहेत आणि त्या यंत्रणेची माहिती असलेले तंत्रज्ञ निवृत्त होत आहेत. नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड यांसारख्या देशांत हे स्थित्यंतर मोठ्या प्रमाणावर पूर्ण झाले आहे. ब्रिटनमध्ये जुने टेलिफोन जाळे बंद करण्याची आधी ठरवलेली डिसेंबर २०२५ ची मुदत पुढे ढकलून जानेवारी २०२७ करण्यात आली.

ही मुदत का वाढली, हे प्रत्येक ग्राहकाने समजून घेण्यासारखे आहे. वृद्ध आणि आजारी माणसे गळ्यात किंवा मनगटावर जे मदतीचे बटण घालतात, ते अनेक घरांत लँडलाइनवर चालत होते. नव्या जोडणीवर अशी काही उपकरणे चालली नाहीत आणि त्यातून गंभीर घटना घडल्या, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये तेथील कंपन्यांनी ग्राहकांचे सक्तीचे स्थलांतर थांबवण्याचे सरकारला मान्य केले. आपल्यावर बदलाची वेळ आली, तर आपल्या घराची तपासणी आपल्या सवडीने आधीच झालेली असावी.

जुना टेलिफोन संच ठेवता येईल का?

बहुतेक वेळा येतो. बटणांचा साधा फोन किंवा कॉर्डलेस फोनचा तळ अडॅप्टरच्या सॉकेटला जोडला की तो पूर्वीसारखाच वागतो. एका कॉर्डलेस तळावर घरातील तीन-चार हँडसेट चालत असतील, तर तेही तसेच चालू राहतात.

तबकडी फिरवण्याच्या जुन्या फोनबाबत मात्र आधी चौकशी करावी. तो क्रमांक सुरांनी कळवत नाही, प्रवाह ठरावीक वेळा तोडून कळवतो, आणि ही खूण अनेक अडॅप्टरना समजत नाही. अशा फोनवर कॉल घेता येतो, पण लावता येत नाही. शिवाय एकाच अडॅप्टरला जुन्या धातूच्या घंट्यांचे बरेच फोन जोडले, तर घंटी मंद वाजते किंवा वाजतच नाही. केंद्राची यंत्रणा जेवढा भार सहज उचलत होती, तेवढा उचलण्याची ताकद या लहान उपकरणात नसते.

घरभर फिरवलेली जुनी टेलिफोनची तार आणि भिंतीतील सॉकेटे वापरता येतात का?

वापरता येतात, पण आधी एक काम केलेच पाहिजे. बाहेरून येणारी कंपनीची तार घरातील तारांपासून पूर्णपणे वेगळी करावी लागते. ती जोडलेली असतानाच अडॅप्टर भिंतीतील सॉकेटला लावला, तर केंद्राकडून येणारा दाब अडॅप्टरच्या फोनच्या सॉकेटमध्ये शिरतो आणि घंटीचा ९० व्होल्टचा प्रवाह आला की उपकरण कायमचे निकामी होऊ शकते. जुनी सेवा बंद झाली आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण सेवा बंद केल्यावरही तारेवर दाब राहू शकतो. घरात शिरण्याच्या जागी जी जोडपेटी असते, तेथे तंत्रज्ञाकडून तार सोडवून घ्यावी आणि तेथे तशी चिठ्ठी लावावी, म्हणजे पुढे कोणी अजाणता ती पुन्हा जोडणार नाही. हे शक्य नसेल, तर भिंतीतील तारांच्या वाटेला न जाता कॉर्डलेस फोन घेणे बरे.

इंटरनेटचा वेग किती असावा लागतो?

लोकांना वाटतो त्यापेक्षा फारच कमी. जी.७११ पद्धतीत आवाजासाठी ६४ किलोबिट लागतात, पॅकेटांवरील पत्ता आणि इतर नोंदी धरून हा आकडा प्रत्येक दिशेला सेकंदाला सुमारे ८७ किलोबिटपर्यंत जातो. तासभर बोलले तर दोन्ही दिशा मिळून सुमारे ७८ मेगाबाइट डेटा खर्च होतो. जी.७२९ ही पद्धत आवाज केवळ ८ किलोबिटांत बसवते, तर जी.७२२ पद्धत जुन्याच ६४ किलोबिटांत ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पाठवते. दोन्ही बाजूंना ती उपलब्ध असेल, तर ऐकू कमी येणाऱ्या ज्येष्ठांना त्या आवाजातील फरक लगेच जाणवतो. ‘स’ आणि ‘फ’ यांसारखी व्यंजने, जी जुन्या फोनवर एकमेकांत मिसळून जात, ती वेगळी ऐकू येतात.

तेव्हा जाहिरातीतला मोठा वेग पाहून फोनसाठी महाग योजना घेण्याची गरज नाही. फोनला वेगापेक्षा नियमितपणा हवा असतो.

मग वेग भरपूर असूनही बोलणे का तुटते?

याची दोन-तीन कारणे पुन्हा पुन्हा आढळतात आणि ती ओळखता आली, तर तक्रार करताना बराच वेळ वाचतो.

पहिले कारण घरातच असते. कोणी मोठी चित्रफीत वर पाठवत असेल किंवा मोबाइलमधील छायाचित्रांची प्रत इंटरनेटवर साठवली जात असेल, तर बाहेर जाणाऱ्या मार्गावर रांग लागते आणि आवाजाची पॅकेटे त्या रांगेत अडकतात. अशा वेळी आपल्याला समोरचा माणूस स्वच्छ ऐकू येतो आणि त्याला मात्र आपले बोलणे तुटक ऐकू येते. राउटरमध्ये आवाजाच्या पॅकेटांना अग्रक्रम देण्याची सोय असेल, तर ती चालू करावी, आणि अडॅप्टर वायफायऐवजी तारेने राउटरला जोडावा.

दुसरे कारण पॅकेटे उशिरा किंवा पुढेमागे पोहोचणे हे आहे. उपकरण थोडी पॅकेटे साठवून, क्रम लावून मगच आवाज ऐकवते, त्यामुळे लहानसहान अनियमितता झाकली जाते. पण एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. विलंब त्याहून बराच वाढला की दोन्ही माणसे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात. सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहामार्फत इंटरनेट येत असेल, तर केवळ अंतरामुळेच विलंब या मर्यादेच्या पुढे जातो. त्यावर घरी कोणताही उपाय नाही.

तिसरे कारण राउटरमधील एका सुविधेत दडलेले असते. एसआयपी एएलजी नावाची ही सुविधा फोनला मदत करण्यासाठी असते, परंतु अनेक राउटरमध्ये ती पॅकेटांतील पत्ते चुकीच्या पद्धतीने बदलते. कॉल लागतो पण एकाच बाजूचा आवाज येतो, किंवा प्रत्येक कॉल सुमारे ३२ सेकंदांनी आपोआप कट होतो, अशी लक्षणे दिसली तर आधी ही सुविधा बंद करून पाहावी. ३२ सेकंदांचा आकडा योगायोगाचा नाही. कॉल उचलल्याची पोच मिळाली नाही, तर एसआयपीच्या नियमानुसार एवढा वेळ वाट पाहून यंत्रणा कॉल सोडून देते. तक्रार नोंदवताना हा नेमका वेळ सांगितला, तर जाणकार तंत्रज्ञाला कारण लगेच लक्षात येते.

वीज गेली तर फोन चालेल का?

वेगळी सोय केली नसेल, तर चालणार नाही. सेवा घेण्यापूर्वी विचारण्याच्या सर्व प्रश्नांत मी याला पहिले स्थान देतो.

लँडलाइनचा साधा, वायरचा फोन केंद्रातून येणाऱ्या विजेवर चालतो आणि केंद्रात मोठ्या बॅटऱ्या व जनरेटर असतात, म्हणून संपूर्ण परिसर अंधारात असतानाही तो चालू राहतो. फायबरच्या तंतूतून मात्र प्रकाश येतो, वीज येत नाही. घरातील फायबरची पेटी, राउटर आणि अडॅप्टर यांपैकी एकाची जरी वीज गेली, तरी फोन बंद पडतो. ज्यांच्या घरी केवळ कॉर्डलेस फोन आहे, त्यांचा फोन लँडलाइन असतानाही वीज गेल्यावर बंदच पडत होता, कारण त्याच्या तळाला घरातील वीज लागते.

उपाय सोपा आहे, पण तो करावा लागतो. समजा फायबरची पेटी, राउटर आणि अडॅप्टर मिळून २० वॉट वीज खातात. १२ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ८४ वॉट-तास ऊर्जा साठते, म्हणजे कागदावर चार तासांहून थोडा अधिक वेळ मिळतो. रूपांतरातील नुकसान आणि बॅटरीचे वय धरून प्रत्यक्षात तीन तासांहूनही कमीच धरावेत. आपल्या उपकरणांवर छापलेले वॉटचे आकडे पाहून हाच हिशेब करता येतो. तिन्ही उपकरणे एकाच यूपीएसवर असावीत. फक्त राउटरला यूपीएस लावून फायबरची पेटी थेट भिंतीतल्या प्लगवर ठेवलेली घरे पुष्कळ आहेत, आणि त्या यूपीएसचा फोनसाठी काहीही उपयोग होत नाही. दूरदर्शन संच किंवा पंखा त्याच यूपीएसवर लावू नये.

घरात इन्व्हर्टर असेल, तर ही उपकरणे त्याच्या मंडलावर आहेत का, हे मुख्य स्विच बंद करून एकदा प्रत्यक्ष पाहावे. वीज बंद होऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणी राउटर पुन्हा सुरू होत असेल, तर चालू असलेला कॉल तुटेल आणि पुढची एक-दोन मिनिटे फोन मिळणार नाही.

बाहेरच्या मार्गाचीही चौकशी करावी. घरापर्यंत आलेल्या फायबरच्या अनेक जाळ्यांत केंद्र आणि घर यांच्यामध्ये फक्त प्रकाश विभागणारी साधने असतात, त्यांना वीज लागत नाही. रस्त्याच्या कडेच्या पेटीपर्यंत फायबर आणि पुढे तांबे किंवा केबल असेल, तर त्या पेटीला वीज लागते. ती बंद पडली की घरातील यूपीएस कितीही मोठा असला तरी फोन लागणार नाही.

आपत्कालीन क्रमांकावर फोन लागेल का?

हे देश आणि सेवा यांवर अवलंबून असते, म्हणून पैसे भरण्याआधी लेखी उत्तर घ्यावे. जुन्या लाइनवरून आलेल्या कॉलचा पत्ता तारेच्या नोंदीवरून कळत असे, त्यामुळे फोन करणाऱ्याला बोलता आले नाही, तरी मदत कुठे पाठवायची हे समजू शकत होते. इंटरनेटवरचा अडॅप्टर दुसऱ्या शहरात नेऊन लावला, तरी त्याचा क्रमांक तोच राहतो आणि यंत्रणेला मात्र नोंदवलेला जुनाच पत्ता दिसतो. अमेरिकेत या उणिवेमुळे २००५ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने नेहमीच्या टेलिफोन जाळ्याशी जोडलेल्या इंटरनेट फोन कंपन्यांना आपत्कालीन सेवेची सोय देणे बंधनकारक केले आणि ग्राहकाच्या पत्त्याची नोंद घेणेही आवश्यक ठरवले.

आपल्या कंपनीकडे पत्ता नोंदवताना मजला, इमारतीचा क्रमांक, खूण असे सर्व तपशील द्यावेत आणि घर बदलल्यास त्याच दिवशी नोंद बदलावी. चाचणीसाठी आपत्कालीन क्रमांकावर थेट फोन करू नये. कंपनीने चाचणीची वेगळी सोय दिलेली असेल तर ती वापरावी, नसेल तर नोंदीची पुष्टी लेखी मागावी.

घरात वृद्ध किंवा आजारी व्यक्ती आहे. त्यांच्यासाठी वेगळे काय पाहावे?

मदतीचे बटण, हृदयाच्या ठोक्यांची नोंद पाठवणारे यंत्र किंवा लँडलाइनवर चालणारे असे दुसरे कोणतेही उपकरण असेल, तर ते बनवणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला आधी विचारावे. ‘फोनला जोडले की चालेल’ हे फोन कंपनीच्या विक्रेत्याचे उत्तर पुरेसे मानू नये. जोडणी झाल्यावर बटण प्रत्यक्ष दाबून पलीकडून उत्तर येते का हे पाहावे आणि तीच चाचणी वीज बंद करून पुन्हा करावी. ब्रिटनमध्ये जे ग्राहक लँडलाइनवरच अवलंबून आहेत, त्यांना वीज गेल्यानंतर किमान एक तास आपत्कालीन कॉल करता येईल अशी सोय कंपनीने द्यावी, असा नियामकाचा दंडक आहे. आपल्याकडे असा नियम असो वा नसो, एक तासाची अपेक्षा ही अगदी किमान आहे हे लक्षात ठेवावे.

एकट्या राहणाऱ्या व्यक्तीकडे मोबाइल नसेल, किंवा असूनही तो वापरता येत नसेल, तर जुनी लाइन मिळत आहे तोवर ती ठेवावी. महिन्याचे काही पैसे वाचवण्यासाठी त्या माणसाचा एकमेव खात्रीचा फोन काढून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

फॅक्स आणि घरफोडीची सूचना देणारी यंत्रणा चालेल का?

आवाज दाबून लहान करणाऱ्या पद्धती माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेल्या आहेत. फॅक्सचे किंवा सूचना यंत्रणेचे सूर त्यांतून विकृत होऊन बाहेर पडतात. फॅक्ससाठी टी.३८ ही वेगळी पद्धत आहे. ती अडॅप्टर आणि कंपनी या दोघांकडेही असेल, तर फॅक्स बऱ्यापैकी जातो. नसेल तर जी.७११ वर एखाद-दुसरे पान जाते आणि लांब दस्तऐवज मध्येच तुटतो. सूचना यंत्रणेबाबत मात्र तडजोड करू नये. ती मोबाइल जाळ्यावर चालणाऱ्या स्वतंत्र उपकरणावर नेणे योग्य. इमारतीची लिफ्ट किंवा दाराचा इंटरकॉम त्याच लाइनवर असेल, तर तोही तपासावा.

इंटरनेटच बंद पडले तर येणारे कॉल वाया जातात का?

जाऊ नयेत अशी सोय असते, फक्त ती आधी लावून ठेवावी लागते. आपला क्रमांक कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि घरातील उपकरण ठरावीक अंतराने तेथे हजेरी लावते. हजेरी लागली नाही, तर येणारा कॉल आपोआप एखाद्या मोबाइलवर वळवण्याची व्यवस्था बहुतेक कंपन्यांकडे असते. तिचा स्वतंत्र दर आहे का, ते विचारून पहिल्याच दिवशी ती चालू करावी. लँडलाइनची तार तुटली की ती जोडली जाईपर्यंत वाट पाहावी लागे. या बाबतीत नवी व्यवस्था निश्चितच उजवी आहे.

आमचा वर्षानुवर्षांचा क्रमांक तसाच राहील का?

क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची परवानगी आहे की नाही, हे त्या देशाचे नियम ठरवतात. परवानगी असेल तर एक नियम कटाक्षाने पाळावा: जुनी लाइन आपण स्वतः आधी बंद करू नये. लाइन बंद केली की क्रमांक सोडल्यासारखे होते आणि तो परत मिळेलच असे नाही. अर्ज नव्या कंपनीमार्फत करावा, क्रमांक हलल्याची खात्री होईपर्यंत जुने बिल भरत राहावे. अर्जावरील नाव आणि पत्ता जुन्या बिलावर छापले आहेत तसेच अक्षरशः लिहावेत. बिल वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आणि अर्ज मुलाच्या नावावर, अशा कारणाने अर्ज परत येऊ शकतो. नावातील बदल आधी करून घ्यावा.

क्रमांक नेता येत नसेल, तर दोन्ही लाइन काही महिने एकत्र ठेवून जुन्यावर येणारे कॉल नव्याकडे वळवावेत. या काळात बँक, दवाखाना, विमा आणि मुलांची शाळा यांच्याकडील नोंदी बदलाव्यात. जुन्या क्रमांकावर कोण फोन करतो, हे त्या वळवलेल्या कॉलवरून आपोआप समजत जाते.

आमचे ब्रॉडबँडही त्याच टेलिफोनच्या तारेवर आहे. मग?

मग थांबून चौकशी करावी. लाइन बंद केल्यावर तिच्यावरचे ब्रॉडबँडही बंद होऊ शकते आणि नवा फोन ज्याच्या आधारावर चालणार, तोच आधार निघून जातो. टेलिफोनशिवाय केवळ ब्रॉडबँड त्या तारेवर मिळते का, हे विचारावे. मिळत नसेल तर आधी इंटरनेटची दुसरी जोडणी घ्यावी आणि मग पुढचे पाऊल टाकावे.

खर्च खरोखर कमी होतो का?

सामान्यतः होतो, विशेषतः परदेशात बोलणे असेल तर. तुलना करताना अडॅप्टर, यूपीएस आणि दर काही वर्षांनी बदलावी लागणारी त्याची बॅटरी यांचा खर्च नव्या बाजूला धरावा. फक्त फोनसाठी इंटरनेट घेणार असाल, तर बचत होण्याची शक्यता कमीच असते.

हा फोन सुरक्षित आहे का? रात्री-अपरात्री घंटी वाजते आणि पलीकडे कोणीच नसते, असे का होते?

इंटरनेटवर अनेक यंत्रे सतत एसआयपीचा नेहमीचा मार्ग, म्हणजे पोर्ट ५०६०, चाचपून पाहत असतात. अडॅप्टर किंवा आयपी फोन इंटरनेटवर उघडा असेल, तर त्यांच्या चाचपणीमुळेच घंटी वाजते. उचलल्यावर शांतता असते. उपकरण राउटरच्या मागे ठेवावे, त्याच्यासाठी राउटरमध्ये कोणताही मार्ग कायमचा उघडू नये आणि फक्त आपल्या कंपनीच्या सर्व्हरचेच कॉल स्वीकारण्याची सूचना त्यात असेल तर ती चालू करावी.

खरा धोका पासवर्ड चोरीला जाण्याचा आहे. तो मिळाला की चोर आपल्या खात्यावरून महागड्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांवर तासन्‌तास कॉल लावतात आणि बिल आपल्या नावावर येते. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, परदेशी कॉलची गरज नसेल तर ते कंपनीकडून बंद करून घ्यावेत आणि खात्यावर खर्चाची कमाल मर्यादा ठेवावी. संभाषण कूटबद्ध करण्याची सोय अनेक कंपन्या देतात, ती घ्यावी. तिचे संरक्षण कंपनीच्या सर्व्हरपर्यंतच असते, पुढे कॉल नेहमीच्या टेलिफोन जाळ्यात शिरला की ते संपते.

बदल करताना कामाचा क्रम कसा ठेवावा?

आधी घरात लँडलाइनवर काय काय चालते याची यादी करावी, कारण एखादे उपकरण वर्षानुवर्षे कोपऱ्यात शांत बसलेले असते आणि कोणाच्या लक्षातही नसते. त्यानंतर नवी सेवा तात्पुरत्या क्रमांकावर सुरू करावी आणि निदान काही आठवडे दोन्ही फोन चालू ठेवावेत. संध्याकाळी घरातील सर्वजण इंटरनेट वापरत असताना बोलून पाहावे. पहाटे केलेल्या चाचणीवरून काही कळत नाही. बँकेच्या स्वयंचलित सेवेला फोन लावून बटणे दाबल्यावर ती ओळखली जातात का, हे पाहावे. मग मुख्य स्विच बंद करून फोन किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोजावे. या सर्वांतून समाधान झाले, की क्रमांक हलवण्याचा अर्ज करावा.

जुनी लाइन बंद करताना काय घ्यावे?

बंद केल्याची तारखेसह लेखी पोच, अनामत रक्कम भरलेली असल्यास ती परत करण्याचा अर्ज आणि कंपनीचा संच किंवा राउटर परत दिल्याची पावती, एवढे तीन कागद हातात असावेत. पुढचे एक-दोन महिने बिल येत नाही ना, हे पाहत राहावे आणि बँकेतून आपोआप पैसे भरण्याची सूचना दिलेली असेल, तर शेवटचे बिल भरल्यानंतर ती रद्द करावी.